उच्चार, दहापैकी

परीक्षक म्हणून मलाच बोलावलं,
कारण गिमारास बेटावरच्या या गावात
सगळ्यांच्या तोंडात डोकावून आलेला मी एकटाच.
सुरांतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हटलं.
कपितान म्हणाला, डॉक्टर एलेउतेरिओ,
फॉर्मवर सगळं छापलंय.

छापलं होतं खरं.
आवाज चाळीस, ताल वीस, उच्चार दहा,
पोशाख दहा, लोकांवर परिणाम वीस.
पेन्सिल दिली. खोडरबर दिलं नाही.

डावीकडे चर्चच्या वृंदगानाच्या बाई,
त्या डोळे मिटून ऐकतात,
म्हणजे आकडा आधीच ठरलेला असतो.
उजवीकडे बर्फाच्या कारखान्याचे मालक.
कराओकेचं यंत्र त्यांचं, फिएस्टापुरतं फुकट,
आणि सातव्या क्रमांकावर त्यांचा पुतण्या.

यंत्रही गुण देतं, पण ते धरायचे नाहीत.
दुपारी चाचणी चालू असताना
कुणाचा तरी कोंबडा माइकपाशी आरवला,
त्याला ब्याण्णव पडले.

पहिला ट्रायसिकलवाला फ्लोरेंतिनो.
वरच्या सुराला त्याची अक्कलदाढ दिसते,
तीन वर्षं सांगतोय काढून घे म्हणून.
ताल वीसपैकी तेरा.
चौथी, कुवेतहून सुट्टीवर आलेली मारिफे,
कुठल्या ओळीला गळा दाटवायचा ते तिला पाठ.
पुतण्याने धूर आणला होता स्वतःचा,
पिंपात भरून.
लोक खोकले. परिणाम अठरा.

अकरावी कोन्सोर्सिया.
सुकी मासळी विकते, वय एकाहत्तर,
निळा झगा सुनेचा, मागून सेफ्टी पिना.
गाणं होतं परत न आलेल्या होडीचं,
आणि त्यात स पुष्कळ.
पहिल्याच स ला शिट्टी वाजली.

पोरं हसली.
दुसऱ्या स ला पोरांच्या आयाही.
वृंदगानाच्या बाईंनी डोळे उघडले,
उच्चाराखाली चार लिहिले,
आणि पुन्हा मिटले.

ती कवळी मी केलेली.
मे महिन्यात, वीज गेलेली असताना, घाईत.
पुढच्या दोन दातांत केसाएवढी फट राहिली.
दोनदा आली होती ती.
डॉक्टर, वाजतंय.
मी म्हटलं, होईल सवय.
आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणतात.
इथे दात माझे होते,
ओठ तिचे.

मी उच्चाराखाली सहा लिहून बसलो होतो.

पहिलं कडवं संपलं.
मधे नुसतं वाजतं ना, गाणाऱ्यानं उभं राहायचं असतं,
तेव्हा ती वळली, पाठ करून,
पिना चमकल्या,
रुमालात काहीतरी गुंडाळलं,
आणि दुसरं कडवं बिनदातांचं गायली.

स गेला. त्याच्या जागी
गाळात पाय रुतावा तसं काहीतरी मऊ आलं.
शब्द निम्मेच कळले.
ओळी पडद्यावर रंगत पुढे पळत होत्या,
ती त्यांच्यामागे धावली नाही.
होडी कुठे गेली ते मात्र
पोरांनासुद्धा कळलं असावं,
कारण बर्फवाल्यांचा जनरेटर ऐकू येऊ लागला.

फॉर्म वरून खाली वाचला, खालून वर वाचला.
यासाठी रकाना नव्हता.
सहावर पेन्सिल दाबून आठ करायला गेलो,
झालं भलतंच, आकडाच वाटेना.
मोजणाऱ्या मुलीने ते शून्य धरलं.

पुतण्याला उभा पंखा मिळाला.
कोन्सोर्सियाला पाच किलो तांदूळ, उत्तेजनार्थ.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी
ती पायरीवर बसलेली. रुमाल टेबलावर ठेवला.
गुण किती दिलेस ते सांगू नको, म्हणाली,
हे कर नीट.

कानशीने घासतो. बसवतो.
म्हण स, म्हणतो.
ती म्हणते स.
बाहेर टेम्पोत यंत्र चढवताहेत,
हळू, हळू, अरे डावीकडून.
म्हण स.
मी कान अगदी तिच्या तोंडाशी नेतो.

अजून, ती म्हणते.
अजून थोडं.