अठ्ठावन्न एक्केचाळीस

दहा किलोमीटर, अठ्ठावन्न मिनिटं एक्केचाळीस सेकंद.
चार वर्षं झाली. डिसेंबरातला रविवार,
सेमिनरी हिल्सचा चढ धुक्यानं अर्धा पुसलेला,
आणि माझ्या अंगात त्या दिवशी काय आलं होतं कोण जाणे.
तेव्हापासून हा आकडा माझ्या घरात राहतो.
भाडं देत नाही.
पोळ्या लाटताना ओट्याशी उभा असतो,
मेडिकलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांना
नावं चिकटवत असते मी,
तेव्हा खांद्यावरून वाकून विचारतो : मग, केव्हा?

केव्हा काय.
साठ बावीस. एकोणसाठ पन्नास. एकसष्ट शून्य आठ.
एकदा एकोणसाठ शून्य तीन.
त्या सकाळी फुटाळ्याच्या कठड्यावर बसून
कुणी गेल्यासारखी रडले मी,
बावीस सेकंदांसाठी.
बावीस सेकंदांत आमच्या नळाला तांब्यासुद्धा भरत नाही.

"कायले रडून राहिली?" उरकुडे सर म्हणाले.
सर पॉलिटेक्निकातून निवृत्त, ड्रॉइंगचे. वय सदुसष्ट.
पोटऱ्यांवर निळ्या शिरांचे नकाशे,
गळ्यात दोरीचं स्टॉपवॉच,
कमरेच्या पाऊचात रबर लावलेली वही.
"हे पाय, माह्ये एकोणतीस उच्चांक आहेत इथं."
रेघा मारून रकाने :
मे महिन्यातला उच्चांक.
रात्रभर जागरण झाल्यावरचा.
मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा.
कुत्रं मागे लागलं असतानाचा
(धरमपेठ, विजेच्या खांबापासून पानठेल्यापर्यंत, तेहतीस सेकंद).
पंचावन्ननंतरचा, साठीनंतरचा.
"सदुसष्टाव्या वाढदिवशी जसा धावलो तसा धावलो,
तोच उच्चांक.
दुसरं कोणी नव्हतंच ना बाप्पा शर्यतीत."

मी हसले. मनात म्हटलं, ही तर कॉपी झाली.

मग मे आला.
साडेचारला निघावं लागतं,
सहा वाजता ऊन डोक्यावर हात ठेवून दाबायला लागतं.
कूलरसमोरून अंग उचलायचं,
गादीपासून बुटांपर्यंत चार पावलं,
कधी ती चाळीस मिनिटं घेतात.
त्याची वेळ कुणी लावत नाही.
जाऊबाई कूस बदलून विचारतात,
"कोणती गाडी सुटून राहिली तुमची?"
कोणतीच नाही.
तरी नाडी बांधते. डावी आधी, का कोण जाणे.

सप्टेंबरात सरांच्या छातीत दोन स्टेंट बसले.
डिसेंबरात डॉक्टर म्हणाले, चाला, पण हळू.
फाटकापासून तिसऱ्या बाकापर्यंत, एवढंच.
सरांनी दोरी काढून माझ्या गळ्यात घातली. "तू दाब."

निघाले.
कोपरं नव्वद अंशांत, शिकवल्यासारखी,
पावलं मात्र काठोकाठ भरलेली बशी नेताना पडतात तशी.
मी दहा पावलं मागे.
सागाची वाळकी पानं त्यांच्या बुटाखाली मोडत होती,
त्यांच्या श्वासाहून मोठ्यानं.
फोनवर भाजीचा हिशेब सांगत एक बाई
आम्हाला ओलांडून गेली.
एक लहान मुलगा गेला, वळून पाहत.
त्या सगळ्या वेळात
माझ्या खांद्यामागे कुणी उभं नव्हतं.
हे नंतर लक्षात आलं, घरी, कणीक मळताना.

बाकाला हात लागला.
"किती?"
"अकरा वीस."
सर बसले. बराच वेळ नुसता श्वास घेतला.
"अकरा अठरा. त्या बाईले नमस्कार केला मी,
दोन सेकंद तिचे."
"नमस्कार वजा होत नाही, सर."
"वही कोणाची आहे?"

मी रबर काढलं, कोरं पान काढलं.
पेन्सिलीला टोक नव्हतं, नखानं लाकूड सोललं.
रकान्याला नाव काय देऊ, असं विचारायला मान वर केली
तर सर उठून फाटकाकडे निघालेसुद्धा होते,
कोपरं नव्वद अंशांत,
आणि मी दाबायचं विसरले.