बाराव्या दिवशी

चिखलडोहला, शाळेमागच्या पडीत,
तीन पत्रे काटकोनात जोडून मी एक कोपरा उभा केला.
बूड सिमेंटात, तोंड आभाळाकडे, जरासं उगवतीला कललेलं.
तिसऱ्या दिवशी कौतिका उरकुडेच्या कोंबडीनं
त्यात अंडं घातलं.

"याचं काम काय, साहेब?"
काही नाही, म्हटलं. नुसतं असायचं.
सातशे किलोमीटरवरून एक यंत्र जातं,
सकाळी सहाच्या सुमारास, दर बाराव्या दिवशी,
जाता जाता खाली हाक मारतं.
पत्रा ओ देतो.
ओ यायला गेल्या खेपेपेक्षा तसूभरही उशीर झाला
तर समजायचं, जमीन बसली.

"बाराव्या दिवशी?" डोमाजी झाडे म्हणाला,
"मंग मेलं कोन?"

नागपुरात माझ्या पडद्यावर
हे गाव म्हणजे रंगीत कडी, कड्यात कडी,
कुणी पाण्यात खडा टाकून विसरल्यासारखी.
एक कडं म्हणजे पावणेतीन सेंटिमीटर.
भोवतीच्या शेतांत मात्र नुसत्या लाह्या फुटलेल्या.
कपाशीचं पान वाढलं की यंत्र गोंधळतं,
कालची ओळख आज पटत नाही त्याला.
त्याचा भरवसा टिनावर, दगडावर, देवळाच्या पायरीवर.
त्यात ही काळी माती.
पावसात फुगते, मे महिन्यात अशी भेगाळते
की वासराचं खूर अडकावं.
हे तिचं दरसालचं. ते वजा करतो मी.
वजा करून जे उरतं
ते परत वर येत नाही.

कौतिकाबाईचं दार लागत नव्हतं.
डोमाजी रंधा घेऊन आला होता, चौथ्यांदा.
चौकटीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं:
२००९, दोन सूत. २०१४, तीन सूत.
२०१९ ला नुसतं: "लई."
माझ्याकडे मोजमाप आठ वर्षांचं.
त्याच्याकडे गावातल्या सगळ्या दारांचं.

रात्री कंदिलाएवढ्या उजेडात, चष्मा नसताना,
त्यानं माझ्या नकाशावर बोट ठेवलं.
उरकुडे, मिलमिले, निखाड्याचा गोठा, चावडी.
घरं जोडत गेला, रेघ सरळ निघाली.
"हे पाहा, चवदा नंबरची गल्ली.
याच्याखाली दोनशे सहा टेकू लावले म्या, सालाचे.
खान बंद कराच्या वक्ताले आर्डर आली, टेकू काढून घ्या.
काढले. मांगं मांगं सरकत,
वरून माती गळे पाठीवर."

कड्यांच्या मधोमध एक हिरवा ठिपका होता,
न हललेला. शाळा.
मी विचारलं.
तो बराच वेळ बोलला नाही.
"थ्या दिवशी ताप होता मले," म्हणाला,
"नऊ राहून गेले."

कौतिकाबाईनं चहा पुढे केला.
बशीतला चहा कुठल्या बाजूला जमतो
ते आम्ही तिघांनीही पाहिलं, कुणी बोललं नाही.

"तुया यंत्राले इचार ना," डोमाजी म्हणाला,
"सालाचं लाकूड किती सालं टिकते?"
मला हसू आलं, मग आवरलं.
ते फक्त झालेलं सांगतं, काका.
"मंग थे बी माह्यासारखंच."

सकाळी पावणेसहाला पत्रा पुसायला गेलो.
आत कोंबडी, अंग फुगवून, डोळा माझ्यावर.
आता अंडी सात होती.
"उठवू नका हो," मागून कौतिकाबाई,
"बसली हाय ते. एकवीस दिवस लागते."

एकवीस दिवस, म्हणजे आजची खेप गेली
आणि पुढचीही.
वही काढली. तारीख, वेळ.
वाचन: नाही.
कारणाच्या रकान्यात
कोंबडी असं लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.

वर पाहिलं. काहीच दिसत नाही, दिसतही नसतं.
शाळेचं कुलूप अजून उघडायचं होतं.
एक पोट्टा आधीच येऊन
पायरीवर उड्या मारत होता,
दोन पायांनी, धप्प, धप्प.