हंगामाआधी

मोंतेविदेओहून सहा-चाळीसची बस.
उजवीकडची खिडकी मागून घेतो नेहमी,
तिथून समुद्र दिसतो
आणि माझा निकामी कान काचेकडे राहतो.

मांडीवर कातडी पिशवी:
खुंट्या पिळायची चावी, फेल्टच्या पट्ट्या,
बापाचा नादकाटा, मोज्यात गुंडाळलेला.
शेजारच्या बाईने मातेचा भोपळा भरला,
आधी स्वतः ओढलं, मग न विचारता माझ्यापुढे धरलं.
कडू होतं.
इतक्या सकाळी गोड कुणाला हवंय.

साखरेच्या पावाचं नाव असलेला डोंगर मागे पडला
तेव्हा ती म्हणाली, मी झुल्मा. इस्त्रीला असते, सात हंगाम झाले.
तुम्ही?
पियानो.
वाजवता?
नाही, लावून देतो. वाजवायला दुसरे येतात.
ती हसली. चादरींचंही तसंच, म्हणाली,
झोपायला दुसरे येतात.

ला बार्राचा पूल लाटेसारखा बांधलाय,
वर, खाली, परत वर.
ड्रायव्हरने वेग कमी केला नाही, कोणीच करत नाही.
पोटात खड्डा पडला, मागची दोन पोरं ओरडली,
आणि मोज्यातून निसटलेला नादकाटा
चावीला लागून 'ला' म्हणाला,
इतका बारीक की पिशवीच्या मालकालाच कळावा.

होसे इग्नासिओत रस्ते मुद्दाम कच्चे ठेवलेत.
आमच्या वस्तीत कच्चा रस्ता म्हणजे नगरपालिकेला शिव्या,
इथे त्याला साधेपणा म्हणतात
आणि भाड्यात धरतात.
फाटकावरच्या मुलाने यादी पाहिली, नाव नव्हतं.
मग दुसरी यादी काढली. तीत होतो मी,
माळी आणि ढेकूण मारणारा
यांच्या मधोमध.

पियानो पांढरा. तोंड समुद्राकडे.
झाकण उघडलं तर आत वाळू,
ऑलिव्हची एक बी,
आणि तारांवर तांबूस बुरा.
खाऱ्या वाऱ्याला खोलीचा दर कुणी सांगितलेला नाही,
तो सरळ आत येतो.

व्यवस्थापिका बाई हळूच म्हणाल्या,
आवाज जरा बेताने, अकरा नंबरचे पाहुणे उठायचेत.
आवाज न करता पियानो कसा लावतात
हे बापाने शिकवलं नव्हतं.
बेताने ठोकत राहिलो.
चार तास, एकेक तार,
आणि शेवटचा खालचा स्वर काही केल्या बसेना,
तो तसाच सोडला. तिथवर कुणाचा हात जात नाही.

झुल्मा टेबलक्लॉथची चळत घेऊन आली.
झाला?
बघ, म्हटलं.
तिने चळत खुर्चीवर ठेवली,
भाजल्याचा डाग असलेलं बोट
मधल्या एका पट्टीवर दाबलं आणि तसंच धरून ठेवलं.
अजून आहे, म्हणाली.
अजून आहे.
मी मान हलवत राहिलो.
मला तो केव्हाच ऐकू येईनासा झाला होता.
मग म्हणाली, आता गेला,
आणि चळत उचलून निघाली.

पाकिटात ठरले होते तेवढे पैसे.
दीपगृहाखालच्या खडकावर बसून घरचं मिलानेसा खाल्लं,
एका समुद्रपक्ष्याला पावाची कड टाकली, त्याने हुंगली, सोडली.
इथले पक्षीसुद्धा.

परतताना समुद्र डावीकडे आला.
मी डावीकडेच बसलो, चांगला कान काचेला टेकवून.
इंजिनाचाच आवाज येत होता.
शेजारची जागा रिकामी; झुल्मा आता मार्चशिवाय सुटायची नाही.
पूल आला तेव्हा नादकाटा मोज्यातून काढून
मुद्दाम चावीशेजारी ठेवला.
वर. खाली. परत वर.
पोरं नव्हती, कुणी ओरडलं नाही.
वाजलाही असेल.