एकाहत्तर प्याले

भायखळ्याच्या आमच्या मंडळीत
महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन.
मनुका मी शनिवारी रात्रीच भिजत घालते,
पहाटे उकळून, गाळून
लोणच्याच्या जुन्या बरणीत भरते.
बरणीचा वास काही केल्या जात नाही.
तारणाला माझ्या तोंडी जराशी मेथीची चव आहे.

प्याले काचेचे, अंगठ्याएवढे. होते बहात्तर.
उपासना संपली की व्हेस्ट्रीतल्या मोरीपाशी
मी टबात विसळते, एस्तेर वाघचौरे पुसते.
सहा वर्षं आम्ही बोलत नाही.
महिला संघाची मनोरीची सहल, चार हजारांचा घोळ,
आणि वहीत माझ्या नावापुढे
तिनं काढलेलं एक प्रश्नचिन्ह.
पेन्सिलीनं. खोडता आलं असतं.

विश्वासात वाढा, पाळकसाहेब सांगतात.
लहानपणी वाटायचं, विश्वास म्हणजे घंटेचा दोर:
शमुवेलकाका उचलून धरायचे, मी ओढायची,
आणि वर कुठेतरी आवाज व्हायचा, माझ्यामुळे.
मग नवरा गेला.
जे. जे.च्या वॉर्डाबाहेर मंडळी पाळीपाळीनं बसली,
एस्तेरसुद्धा, डबा घेऊन.
नंतर दोन वर्षं गीतांना मी नुसते ओठ हलवले.
कुणी काही विचारलं नाही.
तिसऱ्या बाकावरची माझी जागा मात्र
कुणी घेतली नाही.

प्रभूच्या प्रार्थनेत ऋण सोडण्याची ओळ येते
तेव्हा मला खोकला येतो.
आधी खरंच यायचा. मग मी आणायला लागले.
देवासमोर खोटं बोलण्यापेक्षा
खोकलेलं बरं, असा माझा हिशेब.
हा मात्र कुठल्या वहीत नाही.

नाताळापासून एस्तेरचा उजवा हात थरथरतो.
पुसलेले प्याले ट्रेमध्ये ठेवताना
किणकिण होते, सगळ्या व्हेस्ट्रीभर,
आणि आम्ही दोघी
ऐकू येत नसल्यासारख्या उभ्या.

मार्चमध्ये एक फुटला.
तिनं तुकडे पदरात गोळा केले,
माझ्याकडे बघितलं नाही.
मी नळ बंद केला,
तिच्या हातातलं फडकं घेतलं.
ओढूनच घ्यावं लागलं, सोडत नव्हती.
मग ती सरकली, टबापाशी आली.
पाण्यात हात थरथरला
तर तेवढा आवाज होत नाही.

शेवटी मोजून ती म्हणाली, एकाहत्तर.
मला म्हणाली की प्याल्यांना, कोण जाणे.
मी हो म्हटलं.

पुढच्या रविवारी ती ओळ आली.
मला खोकला आला, सवयीनं,
पण जरा उशिरा.
तोवर अर्धी ओळ
तोंडातून निघून गेली होती.