चौदावा दरवाजा

त्याचं नाव आम्ही डोमा ठेवलं.
पिवळ्या कॅसेटवरची अक्षरं कुठल्या देशाची, कुणाला ठाऊक,
पण डोक्यावर टोपली घेऊन तो चालायचा
थेट शिंगाडेवाल्या डोमाजी नान्हेसारखा,
गुडघ्यात न वाकता.

जेमतेम सोळा ठिपके उंच. तोंड नव्हतं.
आई, गाव, कारण, काही नव्हतं.
उजवीकडे जायचं;
डावीकडे वळला की काचेची भिंत.

पालांदुरात टीव्ही-गेम एकट्या शिलवंतकडे.
ओसरीत आम्ही नऊ पोट्टे, रिमोट दोन,
त्यातला एक मुका.
तेराव्या दरवाज्यापाशी पोचेस्तोवर
बरोबर आठ वाजायचे अन् लाइन जायची.
रोज.
डोमा पुन्हा पहिल्या पुलावर, तीन जीव घेऊन, कोराकरकरीत.

अंधारात मग शिलवंत पुढचं सांगायचा.
दंडारीत सोंग घेणारा पोरगा तो, आवाज बदलून सांगायचा :
"चौदाव्याच्या मागं तलाव हाय.
तलावाच्या पारीवर डोमा टोपली खाली ठेवते."
"टोपलीत का हाय बे?"
"आपन मारलेले त्याचे जीव. सारेच्या सारे."

काल भंडाऱ्याला विशाखाला घेऊन सिनेमा पाहिला.
डोमाला आता नाक आहे, नाकावर उजेड,
केस एकेक मोजून घ्यावेत असे.
हरवलेली आई आहे. विनोद करणारं बदक आहे.
तो बोलतो, आणि मुंबईचं बोलतो.
"बाबा, ह्याचं नाव डोमा नाहीये,"
विशाखा दोनदा म्हणाली.

चौदाव्यामागे आई निघाली.
टोपलीत नकाशा होता.
पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या,
बदक खरंच चांगलं होतं.
आईचा हात धरून तो डावीकडे चालू लागला
तेव्हा मात्र माझा अंगठा
खुर्चीच्या हातावर बटण शोधत होता.

बाहेर येऊन शिलवंतला फोन लावला.
तो आता लाइनमन आहे, लाखनीकडे;
आमच्या गावची लाइन आता त्याच्याच हातानं जाते.
"का होतं बे मंग, दरवाज्यामागं?"
"आई."
वारा ऐकू आला, तारांमधला.
"अन् टोपलीत?"

"दाखवलंच नाई बे.
झाकूनच होती शेवटवर."

विशाखानं तोंड उघडलं,
माझ्याकडे पाहिलं,
मिटलं.