कोठीच्या वहीतून

कोठीची वही माझ्याकडे असते.
तांदूळ, शेवाळाच्या पट्ट्या, मेणबत्त्या, गॅस
आणि अकरा डोकी.

पौर्णिमा-अमावास्येच्या आदल्या सकाळी
न्हाणीघरात आम्ही ओळीनं बसतो,
एकीची मान दुसरीच्या हातात.
त्या दिवशी चिकट भात शिजतो.
मुंडणानं अंगातली ताकद जाते म्हणतात.
जाते की नाही ठाऊक नाही,
पातेलं मात्र रिकामं होतं.

पूर्वी वस्तरा होता.
म्योहे सुनिम तो ओढ्यातल्या दगडावर पाजवायच्या,
अंगठ्याच्या नखावर धार बघायच्या.
चाळीस वर्षं तेच पातं, झिजून झिजून
बांबूच्या पानाएवढं उरलेलं.
मग त्यांचा हात थरथरू लागला,
आणि देगूच्या एका बाईंनी यंत्र पाठवलं.

यंत्राबरोबर पुस्तिका आली.
जाळी वर्षानं बदला, आतलं पातं दोन वर्षांनी,
बॅटरी दम धरेनाशी झाली की बॅटरी.
मी दोनदा वाचली.
ती एकाच डोक्याचा हिशेब सांगते,
सकाळी टाय बांधून कामावर जाणाऱ्या
कुणा एकाच्या डोक्याचा.
अकरा डोक्यांचं तिच्यात काही नाही.
शिवाय एकासारखं दुसरं नसतं:
सॉनोचे केस तारेसारखे राठ,
हेगाकच्या टाळूला खोक, लहानपणी जिन्यावरून पडलेली,
आणि म्योहे सुनिमना आता केस कसले,
पीचच्या फळावर असते तेवढी लव.

दोयन होती तोवर पुस्तिका लागली नाही.
सतरा वर्षांची, कातडी अजून घरची.
यंत्रानं एक केस जरी ओढला तरी
"आई गं!" म्हणून अशी किंचाळायची
की छपरावरची कबुतरं उडायची.
मोठ्या सुनिम डोळे वटारायच्या.
मी वहीत लिहायचे:
पातं बदलायला झालं.

हिवाळ्यात ती डोंगर उतरून गेली.
का ते तिनं सांगितलं, मी इथे लिहीत नाही.
तिची उशी धुऊन ठेवली,
वहीत अकराचे दहा केले.

आणि न्हाणीघर शांत झालं.
आम्ही उरलेल्या, सोसण्यात तरबेज.
जाळी तापायची, कुणी हललं नाही.
एका फेऱ्यात भागेना, दोन झाले, मग तीन,
कानामागचे खुंट राहिले ते राहिले.
यंत्राचा आवाजही बदलला होता,
घसा बसलेल्या माणसासारखा.
तो मी रोज घंटा ऐकते
त्याच कानांनी ऐकला.

एप्रिलमध्ये म्योहे सुनिमचं डोकं पुसताना
पांढऱ्या पंचावर गुलाबी रेघ उठली.
मग दुसरी.
उजेडात नेऊन जाळी पाहिली:
कडेला भोक, तांदळाच्या कणीएवढं.
अनित्यतेवर मी किती प्रवचनं ऐकली असतील,
आणि हे दिसलं नाही.

"सांगितलं का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच.
त्या म्हणाल्या, "मला वाटलं,
वयानं माझंच डोकं हुळहुळं झालंय."

सामान आणणारा पोरगा चार दिवसांनी आला.
केस पार खांद्यापर्यंत,
खोक्यावरचं चित्र बघून गालात हसत होता.
नवी जाळी बसवली, पातं बसवलं,
तेलाचा एक थेंब दिला,
आणि पहिल्यांदा स्वतःच्या मानेवर फिरवलं.
मग त्यांच्या.

अर्धं डोकं झाल्यावर म्योहे सुनिम म्हणाल्या,
"अगं, सुरू कर की आता."

त्या रात्री वहीत लिहिलं:
जाळी, पहिल्या "आई गं"ला.
तसं म्हणणारं कोणी नसेल तर दर चार महिन्यांनी,
कुणालाही न विचारता.

खाली थोडी जागा होती.
तिथे दोयनचा नवा फोन नंबर लिहून ठेवला.