बुडाला

सदलग्यात आमची आणि नदाफांची
एकच भिंत होती, मधली.
जैतूनचाची गाद्या भरायची.
कापूस उडून आईच्या पापडांवर बसायचा,
आई एकेक तंतू चिमटीनं उचलत
तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची,
हळू आवाजात,
कारण कठोर बोलणं धर्मात बसत नाही.

आई पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची,
मग फडकं उलटं करून त्यातले जीव
परत विहिरीत सोडायची.
चाची हसायची, "न दिसणाऱ्या किड्यांची एवढी बडदास्त?"
"न दिसणाऱ्यानं जग केलं म्हणतीस, ते चालतं व्हय?"
"मग कुणी केलं?"
"कुणीच न्हाई. हाय ते हायच."
"तोबा," म्हणत चाची सुईत दोरा ओवायची.
गाळायचं फडकं मात्र तीच शिवून द्यायची,
काठाला टीप मारून.

रमजानात मला काम असे.
आमच्यात दिवस बुडाल्यावर खायचं नाही,
त्यांच्यात बुडेपर्यंत.
पेठेतली मशीद लांब,
वारा उलटा असला की बांग उसातच अडकायची.
म्हणून मी कौलांवर.
"बुडाला!"
त्या एका शब्दावर आमचं स्वयंपाकघर मिटायचं
आणि पलीकडं ताटल्या वाजायच्या.
खजूर, भजी, कलिंगडाच्या फोडी.
वास भिंत ओलांडून यायचा,
पण माझा दिवस संपलेला असायचा.

एका ढगाळ संध्याकाळी मी गणित मांडलं.
आत्ताच बुडाला म्हटलं
तर चाची खजूर देणार,
आणि सूर्य तर अजून वर.
म्हणजे दोन्ही धर्म राखून खजूर.
तिच्या अंगणाकडं वाकून हळूच म्हणालो,
"बुडाला."

खजूर अजून जिभेवर होता,
ढग फाटला.
गुऱ्हाळाच्या धुराड्यामागं तो उभा,
अख्खा, तांबडा, हातभर वर.
चाचीच्या हातात अर्धा पेला.
ती काही बोलली नाही. बघत राहिली.

आई आली. मला वाटलं, आता फोकच.
तिनं चाचीला विचारलं,
"तुमच्यात याला काय करतात?"
"ईदनंतर एक रोजा फेडायचा."
"मी फेडला तर?"
"तुझा चालत नाही."
"ते म्हाईत हाय."

ईद झाली. चाचीनं रोजा धरला,
आईनं त्याच दिवशी उपास.
एकीचा संध्याकाळी सुटणार,
एकीचा दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर.
"चाचीसाठी?" मी विचारलं.
"तिच्यासाठी कसा? माझा उपास तिथं पोचत न्हाई.
तुझ्या खोट्यासाठी हाय."
दिवस कलला तसं दोघींनी मला
पुन्हा कौलांवर चढवलं.

शाळेत कोणी पाहुणे येऊन म्हणाले,
सगळे धर्म एकच.
घरी येऊन सांगितलं तर दोघी एकदम म्हणाल्या,
"एकच कसे?"
तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

पुढं भिंत चार फूट वाढली.
दोन्हीकडच्या पोरांनी वर्गणी काढली,
मिळून केलेलं तेवढंच एक काम.
त्या पोरांत मी होतो.

आई गेली तेव्हा चाची दारात आली,
काठी टेकत,
हातात नवं फडकं, दुहेरी.
मी विचारू नये ते विचारलं,
"तुमच्या हिशोबानं आई कुठं गेली असंल?"
तिनं डोळे पुसले.
"खोटं नाही बोलणार, बाहू.
आमच्या किताबात तिची जागा नाही."
मग पदर सारखा करत,
"तिच्या हिशोबानं मला तरी
अजून किती जनम फिरायचं होतं.
मुंगीचासुद्धा, म्हणायची."

तो रमजानच होता.
आता पेठेतला भोंगा गावभर ऐकू येतो,
तरी उंबऱ्याशी थांबून
मोतीबिंदूचे डोळे वर करून तिनं विचारलं,
"बुडाला का रे?"

मी स्लॅबवर गेलो.
"अजून न्हाई, चाची.
हातभर हाय."